घरच्या पीसीसाठी ऑपरेटिंग सिस्टीम कशी निवडावी: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका (आकृत्यांविना)

ही मार्गदर्शिका वाचायला कॉम्प्युटरचं कसलंही पूर्वज्ञान लागत नाही. घरात एक पीसी असावा, त्याच्यासमोरच्या खुर्चीवर इस्त्रीला द्यायच्या कपड्यांचा ढीग नसावा आणि घरातल्या किमान एका माणसाने गेल्या महिन्याभरात "हा फार स्लो झालाय" अशी तक्रार केलेली असावी, एवढं पुरे. ज्यांना लिनक्सचा कर्नल स्वतः कंपाइल करता येतो त्यांच्यासाठी हे लिखाण नाही. ते तरीही वाचतील आणि चुका कळवतील, त्यांचे आगाऊ आभार.

निवडायची वेळ का आली

एरवी ऑपरेटिंग सिस्टीम कुणी निवडत नाही. पीसी घेताना दुकानदार विचारतो, "विंडोज मारून देऊ ना?" आपण "हो हो, मारा" म्हणतो आणि विषय संपतो. पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची देखभाल थांबवली. जुलै २०१५ मध्ये आलेली ही सिस्टीम दहा वर्षं घरोघरी नांदली होती. त्या दिवशी सकाळी पीसी नेहमीसारखाच सुरू झाला, म्हणजे बटण दाबून चहा पिऊन होईपर्यंत. त्यामुळे काहीच झालेलं नाही असा निष्कर्ष बहुतेक घरांत निघाला.

देखभाल थांबली म्हणून पीसी बंद पडत नाही. बंद पडला असता तर निर्णय सोपा होता. बंद होतात ते दर महिन्याला येणारे सुरक्षेचे अपडेट. विंडोज १० आणि ११ यांचा बराचसा कोड सामाईक आहे. ११ मधलं एखादं भोक बुजवलं की ते कुठे बुजवलं हे पाहून चोराला कळतं, १० मध्ये तीच जागा उघडी आहे. नवा अपडेट आला की तो जुन्या फाइलींशी ताडून पाहणं हा या मंडळींचा नित्याचा उद्योग आहे, आणि ते आपल्यासारखे 'रिमाइंड मी लेटर' दाबत नाहीत.

मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ जाहीर केली. ३० डॉलर भरा, किंवा त्यांच्या रिवॉर्ड्स योजनेतले १००० पॉइंट द्या, किंवा पीसीची सेटिंग त्यांच्या खात्यात साठवू द्या म्हणजे फुकट. मुदतवाढीचा फायदा असा की विचार करायला वेळ मिळतो. तो वेळ विचार न करण्यात कसा घालवायचा हे प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असतं.

पायरी पहिली: यंत्र ओळखा

टेबलाखालच्या उभ्या पेटीला घरात 'सीपीयू' म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे त्या पेटीच्या आतला, पंख्याखाली दडलेला, काडेपेटीएवढा चौकोनी तुकडा. ही चूक घरात कुणाला दुरुस्त करून सांगू नये. फायदा काहीच होत नाही आणि वातावरण बिघडतं.

आता कीबोर्डवरचं विंडोजची खूण असलेलं बटण धरून आर दाबा. कोपऱ्यात एक छोटी चौकट उघडेल. तिच्यात रोमन लिपीत टीपीएम, मग टिंब, मग एमएससी असं टाइप करून एंटर मारा. या खटाटोपाचं कारण असं की विंडोज ११ ला मदरबोर्डवर टीपीएम २.० नावाची सोय लागते. कुलपांच्या किल्ल्या सांभाळणारा हा भाग आहे. "सापडला नाही" असा निरोप आला तरी लगेच पीसी भंगारात काढू नका. पुष्कळ मदरबोर्डांवर तो असतो, फक्त बायोसमध्ये बंद करून ठेवलेला असतो; इंटेलवाल्यांकडे त्याचं नाव पीटीटी, एएमडीवाल्यांकडे एफटीपीएम. बायोसमध्ये शिरायचं तर पीसी सुरू होता होता डिलीट किंवा एफ-टू दाबायचं असतं. एकदा दाबून भागत नाही. टकटक टकटक दाबत राहायचं, विंडोजची खूण दिसली की "गेलं" म्हणायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

टीपीएमशिवाय ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि मान्यताप्राप्त यादीतला प्रोसेसर लागतो. या यादीने बऱ्याच घरांत रडारड झाली. इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धापासूनचे प्रोसेसर तिच्यात आहेत. त्यामुळे २०१५ साली हौसेने, हप्ते पाडून घेतलेला आय-सेव्हन नापास आणि २०१८ मधला स्वस्तातला सेलेरॉन पास. वेगाचा इथे काही संबंध नाही. हे आय-सेव्हनवाल्याला समजावणं या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेर आहे.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्सखाली डिस्क पाहा. तिथे एचडीडी लिहिलेलं असेल आणि आकडा सदान्‌कदा शंभर टक्क्यांवर चिकटलेला असेल तर तुमचं दुखणं सिस्टीमचं नाहीच. आत फिरणाऱ्या तबकडीची जुनी हार्डडिस्क आहे. ती काढून एसएसडी बसवा. कुठलीही सिस्टीम बदलून पडणार नाही एवढा फरक त्याने पडतो. "स्लो झालाय" म्हणून ही मार्गदर्शिका हातात घेतलेल्यांपैकी पुष्कळांचं काम इथेच झालं. त्यांनी पुढचं केवळ करमणूक म्हणून वाचावं.

पायरी दुसरी: माणूस शोधा

एव्हाना इतर मार्गदर्शिका गुणदोषांचा तक्ता मांडायला घेतात: कोणती सिस्टीम वेगवान, कोणती सुरक्षित, कोणती देखणी. तसं थोडंफार चौथ्या पायरीत येईल, पण तुमच्या निर्णयाशी त्याचा बेताचाच संबंध आहे. घरच्या पीसीबाबत प्रश्न एकच. रविवारची रात्र आहे, साडेनऊ वाजलेत, सोमवारी सकाळी धाकटीला 'पाण्याचे महत्त्व' या प्रकल्पाची आठ पानं छापून न्यायची आहेत आणि स्क्रीन निळी झाली आहे. (विंडोज ११ असेल तर काळी, २०२५ मध्ये त्यांनी रंग बदलला.) तुम्ही फोन कुणाला लावणार? ज्याला लावणार तो जी सिस्टीम वापरतो ती तुमची सिस्टीम.

एवढं कळलं की नव्वद टक्के काम झालं. आता उमेदवार पाहू. सिस्टीमचे नव्हेत, माणसांचे.

भाचा. हा हिंजवडीत असतो किंवा म्युनिकला. दिवाळीत घरी येतो, पीसी सुरू करतो, तोंडाने 'च्च' असा आवाज काढतो आणि "मामा, हे काय वापरताय अजून? लिनक्स टाकून देतो, एका तासात" म्हणतो. टाकतोही. तासाभरात पीसी पंख लागल्यासारखा पळायला लागतो, मामा खूश होतात, आणि चार दिवसांनी भाचा विमानात बसतो. नवशिक्यांनी ध्यानात ठेवावं: लिनक्स टाकून देणारा भाचा आणि लिनक्स सांभाळणारा भाचा हे दोन निरनिराळे भाचे असू शकतात. टाकू देण्याआधी एनीडेस्कसारख्या प्रोग्रामने दुरून बघशील का, हे वदवून घ्या. त्यासाठी स्क्रीनवरचा लांबलचक आकडा फोनवर वाचून दाखवायचा असतो. तो फक्त भाच्यालाच वाचून दाखवायचा. बँकेतून बोलतोय, वीज तोडणार आहोत, पार्सल अडकलंय असं सांगून हाच आकडा मागणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्यातला एकही तुमचा भाचा नाही.

दुकानदार. चौकातला हा मनुष्य विश्वासू असतो आणि त्याच्याकडे सर्व रोगांवर एकच औषध असतं: "फॉरमॅट मारावा लागेल." माऊस चालेना, फॉरमॅट. प्रिंटर बोलेना, फॉरमॅट. औषध देण्यापूर्वी तो "डेटा पाहिजे का?" असं विचारतो, या प्रश्नाला गडबडीत कधीही "नाही, काही खास नाही" असं उत्तर देऊ नये, कारण त्या 'काही खास नाही'मध्ये लग्नाचे फोटो असतात. लिनक्सवाला पीसी त्याच्याकडे नेला तर तो पडद्याकडे क्षणभर बघतो, तुमच्याकडे बघतो आणि "संध्याकाळी या" म्हणतो. संध्याकाळी पीसीवर विंडोज असतं.

तेही कुठलं? "ओरिजिनल टाकू का आपलं नेहमीचं?" हा त्याचा पुढचा प्रश्न. 'नेहमीचं' म्हणजे परवाना न घेता, ॲक्टिव्हेटर नावाच्या चोरट्या प्रोग्रामने जागं केलेलं विंडोज. हा ॲक्टिव्हेटर चालवण्याची पहिली अट साधारण अशी असते की आधी अँटीव्हायरस बंद करा. आपण सुरक्षेसाठी नवी सिस्टीम टाकून घेतोय आणि ती टाकताना पहिली गोष्ट पहारेकऱ्याला सुट्टी देण्याची. मग दुकानदार वर्षभराचा अँटीव्हायरस विकतो. व्यवहार पूर्ण होतो. परवाना नसलेलं विंडोज घेऊनही ॲक्टिव्हेटर नको म्हणाल तर उजव्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' अशी फिकट अक्षरं कायम दिसत राहतात. काही घरांतली मुलं ती अक्षरं स्क्रीनचाच भाग समजून मोठी झाली आहेत.

सोसायटीतले निवृत्त इंजिनिअर. यांना सगळं येतं. वेळही आहे. फक्त ते चुटकीसरशी दुरुस्त करून देत नाहीत, शिकवतात. रविवारी रात्री साडेनऊला हे झेपणार असेल तरच.

यांतल्या दुकानदाराला विंडोजच का येतं हे विचारण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी सुरू झालं. एमकेसीएलच्या केंद्रांतून गावोगावची मंडळी, सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र हवं म्हणून आलेले कर्मचारी धरून, कॉम्प्युटर शिकली. 'कॉम्प्युटर येतो' म्हणजे स्टार्ट बटण सापडतं, वर्डमध्ये अर्ज आणि एक्सेलमध्ये बेरीज करता येते, असा अर्थ तिथून घरात रुजला. केरळात सरकारी शाळांमध्ये मुलं लिनक्सवर शिकतात, त्यामुळे तिथे चौकातला दुकानदारही निराळा निघण्याची शक्यता आहे. तुमचा चौक केरळात असेल तर ही पायरी त्या हिशेबाने वाचावी.

पायरी तिसरी: न सुटणारी वस्तू शोधा

प्रत्येक घरात एक प्रोग्राम असा असतो की त्याच्यापायी बाकीचे सगळे बेत ओवाळून टाकावे लागतात. तो कोणता हे सिस्टीम बदलण्याआधी शोधायचं असतं. सहसा बदलल्यानंतर सापडतो.

घरात कुणी दुकानाचे हिशेब टॅलीत ठेवत असेल तर विंडोज ठेवा. पुढच्या दोन पायऱ्या माफ. ऑटोकॅड असेल तर विंडोज किंवा मॅक. फोटोशॉप, तेच. मोठा मुलगा व्हॅलोरंट खेळत असेल तर लिनक्सचं नावही काढू नका. त्या खेळासोबतचा फसवणूकविरोधी पहारेकरी विंडोजच्या पार गाभ्यात जाऊन बसतो आणि लिनक्सवर त्याचं पाऊल पडत नाही. मुलगा हे तुम्हाला आधीच सांगेल, बहुधा मोठ्या आवाजात. वर्डचं तसं नाही. लिनक्ससोबत येणारं लिबरऑफिस वर्डच्या फाइली उघडतं, फक्त तक्ते आणि बुलेट जरा इकडेतिकडे सरकतात. अर्ज, पत्र, बायोडेटा एवढंच करायचं असेल तर ते चालून जातं.

मराठी घरातली खरी न सुटणारी वस्तू मात्र वेगळीच असते. सोसायटीचे सेक्रेटरी २००३ पासून सभांची इतिवृत्तं स्वतः टाइप करत आले आहेत. 'सभा' नावाच्या फोल्डरमध्ये वर्षावार फाइली आहेत, नीट. नव्या सिस्टीमवर त्यांतली एक उघडली जाते आणि 'सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त' असायला हवं तिथे इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम, डॉलरची खूण आणि मध्येच एखादं उलटं प्रश्नचिन्ह यांची रांग दिसते. व्हायरस आला, असा एकच ओरडा होतो.

व्हायरस नाही. त्या काळात मराठी टाइप करायला श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम अशी पॅकेजं असत. श्रीलिपी आणि सी-डॅक ही दोन्ही पुण्याची. त्यांच्या फॉन्टांत देवनागरी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले होते. काना एका जागी, वेलांटी दुसऱ्या, अर्धा श तिसऱ्या. फाइलीत साठवलेली अक्षरं रोमनच; वर फॉन्टचा मुखवटा असेल तोवर ती मराठी दिसतात. नव्या पीसीवर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून युनिकोडमधलं मराठी कुठल्याही सिस्टीमवर मराठीच राहतं. आज हे सहज वाटतं, पण विंडोज एक्सपीत युनिकोड देवनागरीसाठी कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन एका चौकटीत टिक करावी लागे, मग पीसी एक्सपीची सीडी मागे, आणि सीडी कधीच सापडत नसे. सेक्रेटरींनी श्रीलिपी धरून ठेवली यात त्यांचं काही चुकलं नव्हतं.

तेव्हा सिस्टीम कोणतीही घ्या, आधी त्या फाइलींचं युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, आणि जोडाक्षरांत थोडी हातसफाई करावी लागते. जुना फॉन्टही एका पेनड्राइव्हवर जपून ठेवा. टायपिंगची काळजी नको. इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीकडे आहे, आणि कळ तीच राहते. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारे कीबोर्डही सगळीकडे आहेत.

न सुटणारं काहीच सापडलं नाही, म्हणजे घरातलं सगळं काम यूट्यूब, बँक, लाइट बिल, रेल्वेचं बुकिंग आणि आयकराचं विवरण एवढंच असेल, तर ते सगळं ब्राउझरमध्ये होतं आणि ब्राउझर सगळीकडे सारखाच. तुम्ही मोकळे आहात. ही अवस्था दुर्मीळ असते आणि तिच्यातच माणूस सर्वात जास्त गोंधळतो.

पायरी चौथी: उमेदवार

विंडोज ११. पहिल्या पायरीत यंत्र पास झालं आणि दुसऱ्या पायरीत दुकानदार निघाला तर हेच. बसवताना मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं, ते देऊन टाका. वाद घालण्याच्या युक्त्या आहेत, पण त्या दर थोड्या दिवसांनी बंद पडतात. बसवल्यावर सेटिंगमध्ये जाऊन स्टार्ट बटण मधून काढून डाव्या कोपऱ्यात नेऊन ठेवा, आणि हे घरातल्या ज्येष्ठांनी पडदा पाहण्याआधी करा. १९९५ पासून डावीकडे असलेली वस्तू मधे आणून ठेवण्यात कुणाचं काय साधलं हे मला आजवर उमगलेलं नाही. नापास यंत्रावर तपासणी चुकवून विंडोज ११ बसवणारेही आहेत. अशा यंत्राला अपडेट मिळतीलच याची हमी नाही असं कंपनी स्वच्छ सांगते, म्हणजे ज्यासाठी हा सगळा उपद्व्याप केला तेच बेभरवशाचं.

मॅकओएस. अधिकृतपणे फक्त ॲपलच्या यंत्रांवर चालतं. तुमच्याकडे असेम्बल्ड पीसी आहे. पुढे चला.

लिनक्स. हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये आपण एक सिस्टीम लिहितोय असं जाहीर केलं आणि हा आपला छंद आहे, फार मोठं काही होणार नाही, असंही बजावलं. आज जगातले सर्वात वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटर लिनक्सवर चालतात आणि तुमचा अँड्रॉइड फोनही त्याच्याच कर्नलवर. त्यामुळे "आम्हाला लिनक्स जमणार नाही" असं लिनक्सवाल्या फोनवरून भाच्याला कळवणारी मंडळी आहेत.

अडचण एवढीच की लिनक्स नावाची एकच वस्तू मिळत नाही. त्याचे शेकडो अवतार आहेत आणि त्यांना डिस्ट्रो म्हणतात. डेबियन आहे, त्याच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी'तल्या खेळण्यांची नावं देतात. आपल्या सी-डॅकचं 'बॉस' आहे. एके काळी डिस्नेच्या मालिकेतल्या गायिका मुलीच्या नावाचं, जांभळ्या-गुलाबी पडद्याचं 'हॅना मोंटाना लिनक्स'सुद्धा होतं; हा विनोद नाही. कोणतं घ्यावं असं तीन लिनक्सवाल्यांना विचारलं तर चार उत्तरं येतात, आणि पाचवा आपण आर्च वापरतो हे न विचारताच सांगतो. नवशिक्याने या सगळ्यांचं हसतमुखाने ऐकून घ्यावं आणि मिंट टाकावं. मिंटचा मेनू डाव्या कोपऱ्यात उघडतो, खिडक्या उजवीकडच्या फुलीने बंद होतात, आणि विंडोज ७ वर हात बसलेल्या माणसाला वेगळं काही विशेष करावं लागत नाही. मिंटची २२ वी आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे. मिंट ज्याच्यावर उभं आहे ते उबुंटूही चांगलं. २००४ साली दक्षिण आफ्रिकेच्या मार्क शटलवर्थने ते काढलं आणि पुढे काही वर्षं त्याच्या सीड्या मागेल त्याला जगात कुठेही टपालाने फुकट पाठवल्या. आपल्याकडे कॉलेजच्या कितीतरी पोरांनी त्या मागवल्या. वापरल्या किती जणांनी, हा प्रश्न वेगळा. पाकीट मात्र देखणं असे.

लिनक्सची खरी उणीव कोणती विचाराल तर तिसऱ्या पायरीतली वस्तू आणि दुसऱ्या पायरीतला माणूस. ती दोन गणितं सुटत असतील तर जुन्या यंत्राला याहून चांगला पर्याय नाही, हे माझं स्वच्छ मत आहे.

क्रोमओएस फ्लेक्स. गूगलने २०२२ मध्ये आणलं. जुन्या पीसीवर केवळ ब्राउझर. फोनवरची ॲप त्याच्यावर चालत नाहीत. आजीआजोबांचा पीसी निव्वळ भजनं, बातम्या आणि नातवाशी व्हिडिओ कॉल यापुरता असेल तर विचार करावा.

डॉस. हा पर्याय तुम्ही निवडत नाही, तो तुम्हाला निवडतो. ऑनलाइन लॅपटॉप पाहताना एकसारख्या दोन यंत्रांत एक काही हजारांनी स्वस्त दिसतो आणि वर्णनात बारीक अक्षरांत 'डॉस' असतं. हे बहुधा फ्रीडॉस. मायक्रोसॉफ्ट एमएस-डॉस बंद करणार हे दिसल्यावर १९९४ मध्ये जिम हॉल या अमेरिकी विद्यार्थ्याने ते सुरू केलं आणि आजही मोठ्या निष्ठेने ते जपलं जातं. लॅपटॉप उघडल्यावर काळा पडदा येतो, वर सी, विसर्गासारखी दोन टिंबं, आणि लुकलुकणारी रेघ. माऊस हलत नाही. यंत्र खराब नाही. ते तुमच्या आज्ञेची वाट बघतंय.

पायरी पाचवी: आधी पेनड्राइव्हवर पाहा

लिनक्सची एक सोय फार मोलाची आहे: पीसीतलं काहीही न पुसता ते पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येतं. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्याच्यावरचं सगळं जाणार आहे, तेव्हा आधी तो उघडून त्यात कुणाच्या मुंजीचा व्हिडिओ नाही ना ते बघा. मिंटच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवा, रूफस नावाच्या छोट्या प्रोग्रामने ती पेनड्राइव्हवर चढवा, पीसी बंद करून सुरू करा आणि एफ-ट्वेल्व्ह टकटक दाबत राहा. काही कंपन्यांचं एफ-नाइन असतं, काहींचं एफ-इलेव्हन, काहींचं एस्केप. यादीतून पेनड्राइव्ह निवडला की थोड्या वेळाने मिंटचा पडदा येतो. पेनड्राइव्हवरून चालतंय म्हणून ते अडखळत चालेल. त्यावरून मत बनवू नये.

आता क्रमाने पाहा. वायफाय सापडतं का? नाही सापडलं तर बाकीचं पाहायची गरज नाही, कारण ते सापडवण्याचं औषध नेटवर असतं आणि नेट वायफायवर. आवाज येतो का? प्रिंटर एक पान छापतो का? 'क्ष', 'ज्ञ' आणि 'दऱ्या' नीट उमटतात का? एवढं झालं की पुष्कळ झालं. पडद्यावर 'इन्स्टॉल' नावाचं चिन्ह असतं, त्याच्या वाटेला जाऊ नका. ते दाबल्यावर पुढे कुठेतरी 'इरेझ डिस्क' असा पर्याय येतो. शब्द छोटे आहेत, अर्थ शब्दशः घ्यावा. त्याच्याआधी सगळे फोटो आणि फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून, ती डिस्क पीसीपासून काढून, कपाटात ठेवलेली असली पाहिजे. "जोडलेलीच असू दे, परत लागेल" म्हणणाऱ्या घरांत नेमकी तीच डिस्क पुसली जाते.

मन ठरत नसेल तर दोन्ही सिस्टीम शेजारी शेजारी ठेवण्याची सोय आहे, तिला ड्युअल बूट म्हणतात. सुरू होताना कोणती हवी ते पीसी विचारतो. या व्यवस्थेत एक गमतीचा प्रकार होतो. लिनक्स वापरून झाल्यावर विंडोजमध्ये गेलं की घड्याळ बरोब्बर साडेपाच तास मागे असतं. बॅटरी गेली म्हणून लोक मदरबोर्डचा सेल बदलतात. सेल ठणठणीत असतो. मदरबोर्डवरच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवायची, अशी लिनक्सची रीत. त्या घड्याळात स्थानिक वेळ असते, असा विंडोजचा समज. दोघं आपापल्या जागी बरोबर आहेत आणि साडेपाच तास तुमचे जातात. एका ओळीच्या आज्ञेने हे बरं होतं. ती आज्ञा भाच्याला पाठ असते.

पायरी सहावी: घरच्यांची मंजुरी

नवी सिस्टीम घरच्यांपुढे आणण्यापूर्वी थोडी पूर्वतयारी लागते. वडिलांसाठी इंटरनेट म्हणजे निळा 'ई'. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी अधिकृतपणे निवृत्त झाला, पण ही बातमी त्यांना अजून कुणी दिलेली नाही. नव्या ब्राउझरचं चिन्ह जुन्या 'ई'च्या जागी, त्याच रांगेत, त्याच क्रमांकावर ठेवा. पत्त्यांचा सॉलिटेअर १९९० च्या विंडोज ३.० पासून चालत आला आहे. तो आधी शोधून डेस्कटॉपवर आणा, मगच आईला हाक मारा. वॉलपेपर म्हणून एक्सपीची हिरवी टेकडी लावा. चार्ल्स ओरिअर यांनी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात काढलेला तो फोटो आहे. टेकडी दिसली की सिस्टीम बदलल्याची निम्मी तक्रार येतच नाही, आणि उरलेली निम्मी प्रिंटरबद्दल असते, जी आधीही होती.

शेवटची सूचना विंडोज ११ वाल्यांसाठी. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नव्याने बसवलेल्या बऱ्याच पीसींत डिस्क आपोआप कुलूपबंद होते. कधी काही बिनसलं की ती ४८ आकडी किल्ली मागते. किल्ली त्या खात्यात साठवलेली असते, आणि खात्याचा पासवर्ड सहसा कुणालाच आठवत नाही. लिनक्स बसवताना डिस्कला कुलूप घातलं असेल तर तिथे खातंबितं काही नसतं. पासवर्ड विसरला की संपलं. म्हणून किल्ली, खात्याचा ईमेल आणि पासवर्ड कागदावर सुवाच्य अक्षरात लिहा. शून्य आणि ओ ओळखू येतील असे काढा. कागद लाइट बिलांच्या फाइलीत लावा, कारण घरात तेवढी एकच फाइल सगळ्यांना सापडते. त्याचा फोटो काढून त्याच पीसीच्या डेस्कटॉपवर ठेवू नका.